पुसली तरी परत येणारी बुरशी: जर्मनीतल्या भाड्याच्या घराचं हिवाळी दुखणं

लक्षण सगळीकडे सारखंच. सप्टेंबरात घराची किल्ली मिळते तेव्हा भिंती नुकत्याच रंगवलेल्या, पांढऱ्याशुभ्र असतात. नाताळच्या सुमारास बेडरूमच्या बाहेरच्या कोपऱ्यात, छताला लागून, बारीक काळे ठिपके दिसू लागतात. कुणीतरी सुपरमार्केटातून फवारा आणतं, डाग पुसतं, थोडे दिवस बरे जातात आणि मग येरे माझ्या मागल्या. जानेवारीत कपाट हलवायचं निमित्त होतं आणि मागची भिंत हिरवट-काळी झालेली सापडते. पलंगाखाली, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बॅग उघडावी तर कुबट वास येतो आणि वरच्याच रेशमी साडीच्या घडीवर पांढरी पूड दिसते. घरमालकाला कळवलं की उत्तर तयार असतं: तुम्ही नीट ल्युफ्टन करत नाही, खिडक्या उघडून हवा बदलत नाही.

हे उत्तर कधी खरं असतं, कधी निव्वळ टाळाटाळ असते आणि बऱ्याचदा निम्मं-निम्मं. नेमकं काय आहे ते न ठरवता फवारे मारत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. डाग पुसून बुरशी जात नाही, तिचं पाणी तोडावं लागतं. घरात पाणी कुठून येतंय आणि ते त्याच भिंतीवर का बसतंय, एवढं शोधायचं.

पुढचं सगळं श्टुटगार्ट आणि आसपासची घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मुंबईशी १९६८ पासून भगिनीशहराचं नातं असलेल्या या गावात पुण्या-चाकणच्या वाहन उद्योगातून आलेली बरीच मराठी मंडळी राहतात, आणि हिवाळ्यात त्यांच्या गप्पांत हा विषय निघतोच. भिंतीचं आणि हवेचं गणित म्युनिकला वा बर्लिनलाही तेच.

पावसाळ्याची सवय इथे उलटी पडते

आपल्याकडे बुरशी म्हणजे जुलै-ऑगस्ट. चामड्याच्या चपला, पट्टे, कपाटातला लग्नाचा कोट, देव्हाऱ्याची मागची बाजू. तेव्हा बाहेरची हवाच ओली असते. कोकणात जुलैच्या हवेत दर घनमीटरला वीस ग्रॅमच्या वर बाष्प असतं. म्हणून आपण खिडक्या लावून घेतो आणि तिथे ते बरोबरच असतं. हीच सवय घेऊन माणूस इथे येतो. नोव्हेंबरात बाहेर रिपरिप चालू असते, मोबाइल आर्द्रता ९५ टक्के दाखवतो आणि तो खिडकी घट्ट लावून घेतो. घात इथेच होतो.

गार हवेत पाणी मावतच नाही. शून्य अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आत बाष्प राहतं, ५ अंशांना सात ग्रॅमच्या आत, आणि २० अंशांना मात्र सव्वासतरा ग्रॅम. म्हणजे बाहेर ५ अंशांत पाऊस पडत असताना ती हवा घरात घेतली आणि हीटरने २० अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. हिवाळ्यातली भर पावसातली हवासुद्धा घर वाळवते. हे पचनी पडायला वेळ लागतो. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणणारच, "अगं, बाहेर पाऊस दिसतोय, खिडकी लाव आधी!"

आता भिंत. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसाच तो थंड भिंतीलाही फुटतो. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर थेंब जमायला लागतात. पण बुरशी थेंबांची वाट पाहत नाही. पृष्ठभागाला चिकटून असलेली हवा ८० टक्के ओली राहिली की तिला पुरतं. खोलीत २० अंश आणि ५० टक्के असताना ही वेळ भिंत १२.६ अंशांवर उतरली की येते. जर्मन बांधकाम मानकात कोपऱ्यांसाठी हाच आकडा किमान धरलेला आहे.

पण तो नव्या बांधकामाला. उष्णतारोधनाचा पहिला देशव्यापी नियम १९७७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. पन्नास-साठच्या दशकांत घाईघाईने उभ्या केलेल्या इमारतींच्या भिंती त्याआधीच्या, आणि भाड्याने मिळणारी पुष्कळ घरं अशाच इमारतींत असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांचा बाहेरचा कोपरा आतून १०-१२ अंशांवर सहज उतरतो. त्यात मालकाने जुन्या लाकडी खिडक्या काढून नव्या दुहेरी काचेच्या, रबरी पट्टीच्या बसवलेल्या असतात आणि भिंती तशाच ठेवलेल्या असतात. जुन्या खिडकीच्या फटींतून हवा आपोआप बदलत होती, आणि जास्तीचं पाणी काचेवर जमून चौकटीत ओघळत होतं, ते डोळ्यांना दिसत तरी होतं. आता काच भिंतीपेक्षा उबदार झाली आणि पाण्याने कपाटामागचा कोपरा गाठला. "नवीन खिडक्या बसवलेलं घर" अशी जाहिरात दिसली की म्हणूनच मी आधी बाहेरच्या भिंतींबद्दल विचारते.

आधी मोजा, मग भांडा

दहा-पंधरा युरोंत बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, आर्द्रता आणि तापमान दाखवणारा छोटा हायग्रोमीटर मिळतो. शक्य असेल तर दोन घ्या, एक बेडरूमला आणि एक स्वयंपाकघर किंवा हॉलला. स्वस्त यंत्र पाच-सहा टक्क्यांनी खोटं बोलू शकतं, त्यामुळे आधी ते तपासून घ्या. लहान वाटीत चमचाभर मीठ घेऊन ते नुसतं ओलसर होईल एवढे पाण्याचे थेंब टाका, विरघळू देऊ नका. ती वाटी आणि यंत्र एका झाकणाच्या डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवला तर यंत्र पाचाने कमी दाखवतं हे लक्षात ठेवून पुढची नोंद करा.

यंत्र हीटरवर, खिडकीत किंवा उन्हात ठेवायचं नाही. आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला. मग आठवडाभर सकाळी उठल्यावर, स्वयंपाकानंतर आणि झोपताना आकडे लिहा, सोबत तारीख आणि बाहेरचं तापमान. पुढे मालकाशी पत्रव्यवहार करायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. हिवाळ्यात आकडा ४० ते ५५ मध्ये खेळत असेल तर तुमचं वागणं ठीक आहे, आणि तरीही बुरशी येत असेल तर संशय भिंतीवर. रोज ६५ च्या वर असेल तर आधी आपल्या घरातलं पाणी कमी करायला हवं. जुन्या, रोधन नसलेल्या इमारतीत मी ६० सुद्धा जास्त समजते, कडक थंडीत ५० च्या खाली ठेवावं.

डाग कुठे आहे, त्यावरून ओळख

बाहेरच्या दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा, छताची कड, कपाटामागची किंवा पलंगाच्या डोक्यामागची जागा: ही हवेतल्या बाष्पाची बुरशी. थंडीत वाढते, एप्रिलमध्ये थांबते. कपाटामागे खोलीची ऊब पोचत नाही, म्हणून भिंत अजूनच गार पडते आणि हवा तिथे खेळत नाही. कपाट पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा, शक्य असेल तर आतल्या भिंतीला न्या.

खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आणि रबरी पट्टीवर डाग असेल तर खिडकी वरून तिरकी करून तासन्‌तास ठेवली जाते का ते पाहा. जर्मन खिडकीचं हँडल वर फिरवलं की ती तिरकी उघडते, नवख्या माणसाला ही सोय फार आवडते. हवा त्यातून कमीच बदलते, पण खिडकीभोवतीची भिंत मात्र तासाभरात गार होते.

छताच्या मध्येच गोलसर, कडेला पिवळट-तपकिरी वलय असलेला डाग म्हणजे वरच्या मजल्याची गळती किंवा छपराचं पाणी. तो थंडीशी नाही, पावसाशी किंवा वरच्यांच्या आंघोळीशी जुळतो. तळमजल्यावर जमिनीलगत रंग फुगून पांढरे क्षार बाहेर आलेत तर पाणी जमिनीतून चढतंय. या दोन्हींत खिडक्या उघडून काडीचा फरक पडणार नाही. त्याच दिवशी मालकाला किंवा हाउसफेरवाल्टुंगला, इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीला, लेखी कळवा.

तसंच अगदी नव्या इमारतीतही बुरशी येते. काँक्रीट आणि प्लास्टरमधलं पाणी पहिली एक-दोन वर्षं बाहेर पडत राहतं. अशा घरात पहिल्या हिवाळ्यात जास्त तापवावं आणि जास्त हवा बदलावी लागते. त्याचा खर्च तुमच्या माथी येतोय असं वाटलं तर मालकाशी बोलायला जागा आहे.

आपल्या घरात पाणी येतं कुठून

चार माणसांचं घर दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत सोडतं असं धरतात. श्वास आणि घाम, आंघोळ, स्वयंपाक, झाडं, कपडे, सगळं धरून. यातले दोन भाग आपल्याकडे जरा जास्तच भारी असतात.

पहिला स्वयंपाक. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्या शेगडीवर चहा, मग भाजीला वाफ, रविवारी इडल्या नाहीतर मोदक. संध्याकाळी परत तेच. वर एक्झॉस्ट फॅन लावला की वाफ गेली असं आपण धरून चालतो. इथेच बघायला हवं. भाड्याच्या घरांतल्या शेगडीवरच्या पुष्कळ चिमण्या उमलुफ्ट, म्हणजे हवा आतच फिरवणाऱ्या, प्रकारच्या असतात. त्या हवा जाळीतून आणि कोळशाच्या गाळणीतून ओढतात, तेलकटपणा आणि थोडा वास अडवतात आणि तीच हवा परत खोलीत सोडतात. वाफेचा एक थेंबही कमी होत नाही. ओळखायला सोपं आहे: चिमणी चालू करून तिच्या वरच्या बाजूला हात धरा. हाताला वारा लागला आणि वर भिंतीत जाणारा पाइप नसेल तर ती उमलुफ्ट. मग उपाय साधा. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, कुकरची वाफ जाईपर्यंत खिडकी पूर्ण उघडी ठेवा. हायग्रोमीटर ओट्यापासून दूर फळीवर ठेवून पाहिलात तर कळेल. डाळ-भाताच्या शिट्ट्या होईपर्यंत ५२ वरचा आकडा ६८-७० ला जाऊन बसतो, आणि दार उघडं राहिलं तर थोड्याच वेळात बेडरूममधलं यंत्रही चढायला लागतं. फोडणीच्या वासाचा माग काढला तरी वाफ कुठवर गेली ते समजतं. (त्या वासावरून शेजाऱ्यांच्या तक्रारी, हा वेगळा विषय. तो इथे नको.)

ओपन किचन असेल तर दाराचा प्रश्नच येत नाही. तिथे झाकण ठेवून शिजवणं आणि जेवायला बसण्याआधी हॉलच्या खिडक्या उघडणं, एवढंच हातात असतं.

दुसरा भाग कपडे. पाच किलो कपडे १४०० फेऱ्यांवर पिळून काढले तरी त्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं. म्हणजे हॉलमध्ये स्टँडवर कपडे टाकले की दोन-अडीच लिटर पाणी हवेत. साठ चौरस मीटरच्या घरात साधारण दीडशे घनमीटर हवा असते. बाहेर ५ अंश आणि आत २० अंश-६० टक्के असताना ती पूर्ण बदलली की अर्धा लिटर पाणी बाहेर जातं, बाहेर शून्य अंश असेल तर पाऊण लिटरच्या थोडं वर. म्हणजे एका धुण्यासाठीच चार-पाचदा घरभर हवा बदलायला हवी. म्हणून आधी तळघरात वाळवायची सामायिक खोली आहे का ते विचारा, जुन्या इमारतींत बहुधा असते. नसेल तर कपडे एकाच खोलीत, दार लावून, हीटर चालू ठेवून आणि खिडकी अधूनमधून सताड उघडून वाळवा. बेडरूममध्ये नको. कंडेन्सर किंवा हीट पंप ड्रायर घेणं परवडत असेल तर लहान मुलांच्या घरात तो पैसा वसूल होतो.

बाथरूमला खिडकी नसेल तर छतातला पंखा पाहा. टिश्यूचा कागद जाळीला धरा, चिकटून राहिला तर ओढ आहे. खाली पडला तर आतली गाळणी धुळीने बुजलेली असते. झाकण सहसा हाताने निघतं, गाळणी बदलता येते.

खिडकी: थोडा वेळ, पण सताड

इथल्या लोकांचा शब्द आहे श्टोसल्युफ्टन, झटक्यात हवा बदलणं. हिवाळ्यात पाच ते दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची, समोरासमोरच्या दोन उघडता आल्या तर आणखी लवकर काम होतं. उघडण्याआधी हीटर बंद करायचा, नाहीतर थंड हवेचा झोत थर्मोस्टॅटला लागून तो पूर्ण उघडतो आणि उष्णता थेट बाहेर जाते. "सगळी ऊब जाईल" ही भीती खोटी आहे. हवेत उष्णता फारच थोडी असते, ती भिंती, फरशी आणि सामानात असते, आणि पाच-दहा मिनिटांत भिंती गार होत नाहीत. तासभर तिरक्या खिडकीने मात्र होतात.

सकाळी उठल्याबरोबर बेडरूम, हे सर्वांत महत्त्वाचं. दोन माणसं रात्रभर बंद खोलीत झोपली की सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी दिसतं. त्यानंतर स्वयंपाक आणि आंघोळीनंतर, आणि झोपण्यापूर्वी. दोघंही नोकरीला जात असाल तर दिवसा कुणी नसताना बाष्पही तयार होत नाही, त्यामुळे जाताना आणि आल्यावर पुरे. काचेवरचं पाणी फडक्याने टिपून फडकं पिळून टाका. ते तसंच हीटरवर वाळत टाकलं तर पाणी परत हवेत गेलंच.

हीटर: आकड्यांचा गैरसमज

थर्मोस्टॅटवरचे १ ते ५ हे आकडे वेग दाखवत नाहीत, तापमान दाखवतात. साधारणपणे १ म्हणजे १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४, ५ म्हणजे २८, आणि हिमकणाचं चिन्ह म्हणजे पाइप गोठू नयेत एवढीच ५-६ अंशांची ऊब. पाचवर लावून खोली लवकर तापत नाही, फक्त २८ होईपर्यंत थांबत नाही.

बिलाच्या धास्तीने एकच खोली तापवायची आणि बेडरूम बंद ठेवायची, ही बचत महागात पडते. खरी गडबड तेव्हा होते जेव्हा झोपण्याआधी बेडरूम "जरा उबदार करायला" हॉलचं दार उघडं ठेवलं जातं. हॉलची उबदार, ओली हवा १४ अंशांच्या खोलीत जाते आणि सर्वांत थंड भिंतीवर पाणी टाकते. बेडरूम १६ च्या खाली जाऊ देऊ नका, दार लावलेलं ठेवा आणि त्या खोलीला तिच्याच हीटरने तापवा. हीटिंगच्या एकूण खर्चातला ५० ते ७० टक्के भाग तुमच्या वापरावर विभागला जातो, उरलेला क्षेत्रफळावर. म्हणजे सगळं बंद ठेवलं तरी बिल शून्य होत नसतंच.

हीटर चालू करूनही खोली तापत नसेल तर तीन गोष्टी. वरून थंड आणि खालून गरम, आत गुळगुळ आवाज, तर हवा अडकली आहे. चौकोनी चावीने बाजूचा छोटा नळ हळूच सैल करून, खाली पेला धरून, हवा सुटून पाणी येईपर्यंत थांबा. चावी दोन-तीन युरोंना मिळते. संपूर्ण हीटर थंडगार असेल आणि पाइप गरम, तर उन्हाळाभर बंद राहून थर्मोस्टॅटखालची पिन अडकलेली असते. हे हाउसमाइस्टरला, इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगा, तो दोन मिनिटांत मोकळी करतो. आणि थर्मोस्टॅटवर जाड पडदा किंवा सोफ्याची पाठ आली असेल, तर त्या कोंडलेल्या उबेला तो खोलीचं तापमान समजतो आणि वेळेआधीच बंद होतो.

डाग काढणं

अर्ध्या चौरस मीटरच्या आतला, वरवरचा डाग स्वतः काढता येतो. आपोटेकेतून (औषधांच्या दुकानातून) किंवा बाउमार्क्टमधून ७० ते ८० टक्के अल्कोहोल आणा. हातमोजे, एफएफपी२ मास्क, खिडकी उघडी, शेगडी-मेणबत्ती बंद, लहान मुलं दुसऱ्या खोलीत. अल्कोहोल पेटतं, म्हणून मोठ्या भागावर फवारायचं नाही, फडक्याला लावून पुसायचं. कोरडं घासू नका, बीजकण हवेत उडतात. फडकं पिशवीत बांधून कचऱ्यात. रबरी पट्टीच्या किंवा टाइल्सच्या फटीतलं सिलिकॉन आतून काळं झालं असेल तर ते पुसून निघत नाही, कापून नवीन भरावं लागतं. राउफाझर, म्हणजे खरखरीत वॉलपेपर, लावलेली भिंत असेल आणि कागद फुगला असेल तर बुरशी मागेही आहे, ते मालकाचं काम.

व्हिनेगरचा सल्ला प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी देतंच. चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर ते निष्प्रभ होतं, त्यामुळे वास तेवढा उरतो. बुरशीरोधक रंगाने थंड भिंत उबदार होत नाही. ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे डबे कपाटाच्या कप्प्यात ठीक, पण खोलीत रोज काही लिटर पाणी येत असताना ते डबे आठवड्यांमागून आठवडे पाव-अर्धा लिटर गोळा करतात. कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर खरंच पाणी काढतो, गळती दुरुस्त झाल्यावर किंवा नव्या घरात त्याचा उपयोग आहे. पण तो वीज खातो, आणि मालकाने तो आणून ठेवला म्हणजे भिंतीचा प्रश्न सुटला असं होत नाही.

घरात दमा असेल, तान्हं मूल असेल, किंवा डाग अर्ध्या चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर स्वतः हात घालू नका.

मालकाला कसं कळवायचं

पुसण्याआधी फोटो. डागाशेजारी मोजपट्टी धरून एक, आणि खोलीत तो नेमका कुठे आहे ते दाखवणारा दुसरा. कागदावरच्या नोंदी जोडा आणि मेंगेलआनझाइगे, म्हणजे दोषाची लेखी सूचना, लगेच पाठवा. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ५३६ सी नुसार दोष दिसताच कळवणं भाडेकरूचं कर्तव्य आहे. उशीर केला आणि नुकसान वाढलं तर ते तुमच्या अंगावर येतं. जिन्यात भेटल्यावर "हो, बघू" असं झालेलं बोलणं पुरावा नसतो. पत्रात भांडू नका: कुठे, कधीपासून, किती मोठा, खोलीतली आर्द्रता किती, आणि दोन आठवड्यांत येऊन पाहावं ही विनंती. एका घरमालकाने आम्हाला तीन ओळींचं उत्तर धाडलं होतं, खिडक्या उघडा म्हणून. त्यावर आर्द्रतेच्या नोंदींचा तक्ता पाठवला, तेव्हा माणूस भिंत बघायला आला.

वाद कोर्टात गेला तर दोष इमारतीतून आलेला नाही हे दाखवायची जबाबदारी आधी मालकावर असते, त्यानंतर तुमच्या हवा बदलण्याचा आणि तापवण्याचा प्रश्न येतो. पण इथेही एक मर्यादा आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९६८ आणि १९७१ सालच्या इमारतींतल्या घरांबद्दल निकाल दिला. बांधकामाच्या काळचे नियम पाळलेले असतील, तर कोपरे थंड आहेत आणि बुरशीचा धोका आहे एवढ्यावरूनच घर सदोष ठरत नाही. म्हणजे जुन्या घरात "भिंतच वाईट आहे" हा एकच मुद्दा घेऊन जाऊ नका, नोंदी हव्यातच.

सर्वांत धोक्याचा सल्ला म्हणजे "भाडं कापून टाक, ताळ्यावर येईल". कलम ५३६ नुसार दोष असेल तर भाडं कमी होतं हे खरं. पण किती, हे तुम्ही मनाने ठरवलं आणि ते चुकलं, तर कापलेली रक्कम थकबाकी धरली जाते, आणि ती दोन महिन्यांच्या भाड्याएवढी झाली की घर तात्काळ रिकामं करायची नोटीस येऊ शकते. भाडं पूर्ण भरा, पण 'उंटर फोरबेहाल्ट', हक्क राखून, असं मालकाला लेखी कळवून. मग पुढे परत मागता येतं. त्याच्या आधीच गावातल्या मीटरफेराइनचं, भाडेकरू संघाचं, सदस्य व्हा. वर्षाला साधारण शंभर युरोंच्या आसपास वर्गणीत त्यांचे वकील पत्र तपासून देतात. त्यांच्यामार्फत मिळणारा कोर्टखर्चाचा विमा बहुधा काही महिन्यांनी लागू होतो आणि आधीच्या वादाला चालत नाही, म्हणून घर घेतल्यावरच सदस्यत्व घेतलेलं बरं.

घर सोडताना डागावर रंग मारून मोकळं होऊ नका. आधी लेखी कळवलेला दोष युबरगाबे-प्रोटोकोलमध्ये, घर ताब्यात देतानाच्या नोंदपत्रकात, तसाच लिहून घ्या, नाहीतर तीन महिन्यांपर्यंतच्या काल्टमीटेएवढी (हीटिंग वगैरे खर्च वगळून उरणाऱ्या भाड्याएवढी) अनामत परत घेताना त्याच डागावरून कपात होते. आणि घेताना? दाखवायला नेतील तेव्हा कपाटामागे आणि बाहेरच्या कोपऱ्यांत नाक घेऊन जा. एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल तर का, ते विचारा.

साफसफाईनंतर डागाच्या जागेभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाका. सवयी बदलून, नोंदी ५० च्या आसपास आणूनही थंडीत ठिपके पुन्हा त्या रेघेत किंवा तिच्याबाहेर आले, तर दुसरं पत्र, पहिल्याचा हवाला देऊन.

एक अपवाद राहिला, तो उन्हाळ्याचा. तळघरातल्या खोलीत बॅगा ठेवल्या असतील तर जुलैच्या दुपारी "जरा हवा खेळू दे" म्हणून तिथली खिडकी उघडू नका. बाहेरची उबदार हवा तळघराच्या थंड भिंतीवर पाणी सोडते, इथे पुन्हा कोकणाचा नियम लागू होतो. उघडायची तर पहाटे किंवा रात्री, आणि पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. रेशमी साड्या मात्र तळघरात नकोतच. सुती कापडात गुंडाळून आतल्या भिंतीच्या कपाटात, वरच्या कप्प्यात.